चार माणसं, एक डोंगा, एक फोटो

…अन् वरून ती बाई मले फोनवर काय म्हणते, माहीत आहे? म्हणते, "दोनाडकर, लेख पोचला, पण तुमच्या लेखात कुटुंब कुठंय?" कुटुंब कुठंय! आता ज्या माणसानं जानेवारीच्या थंडीत, सकाळी सहाले, माय, बायको अन् पोरगी अशा तीन जणी तीन तऱ्हेच्या रागात घराबाहेर काढल्या, ऑटोत कोंबल्या, वैनगंगेच्या घाटावर नेऊन उभ्या केल्या, त्या माणसाले विचारते का कुटुंब कुठंय. अहो मॅडम, अर्धं या डोंग्यात आहे अन् अर्धं त्या डोंग्यात आहे, नीट पाहा ना! तर म्हणते, "तसं नाही चालत हो." तुमाले सांगतो, मी काय कोणाचा बंगला मागून राह्यलो होतो का? चार माणसं, एक डोंगा, एक फोटो. बस. एवढंच होतं माहं मागणं.

थांबा, पहिलेपासून सांगतो, नाई तर तुमी म्हणसान हा माणूस भाजी वाढायच्या आधीच आचवून राह्यला.

मी धनराज दोनाडकर, मुक्काम ब्रह्मपुरी, धंदा टायपिंग. पंधरा वर्षं झाली, पहिले मशीनवर खटखट, आता कंप्यूटरवर, ताबिशभाईच्या सायबर कॅफेत. ताबिशभाई मालक, मी बोटं. वकिलाचे अर्ज टाइप करतो, लग्नाच्या पत्रिका करतो, तेरवीचे कार्ड करतो, सरपंचाचं भाषण करतो. कॉलेजातल्या एका सरचा प्रबंध केला, चारशे वीस पानं, अन् त्यातली अर्धी वाक्यं मी सरळ केली, बाप्पा… सरच्या वाक्यात शिरलेला माणूस बाहेर निघत नव्हता. सर डॉक्टर झाले, पेढे वाटले. मी पेढा तोंडात ठेवून पहिलं पान उघडलं, आभाराचं. आईवडील, मार्गदर्शक, सासरे, सासऱ्याचे दोस्त, सरच्या बिल्डिंगचा वाचमन. माहं नाव? नाई. तुमाले सांगतो, पंधरा वर्षांत लाखानं शब्द या बोटांतून गेले, पण एकावर माहं नाव नाई. पत्रिकेत चिमुकल्या भाच्याचं नाव येते, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून, ज्याले अजून बोलता येत नाई. माहं येत नाई. लागत होतं मले ते. हसा तुमी, पण लागत होतं.

तर दोन हजार आठ साल. लोडशेडिंग चालू, लाइट गेलेली, मी अन् ताबिशभाई दुकानाबाहेर पायरीवर बसून. ताबिशभाई म्हणते, "अबे धनराज, सुन. पुण्याची एक बाई आहे, तिचा ब्लॉग आहे, 'सहकुटुंब सहलकट्टा'. पाहुणा लेखक पाहिजे तिले. या महिन्याचा विषय, फेरीबोटीतून फॅमिली ट्रिप. कोकणवाले दहा जण लिहून राह्यले बे, अपने इधर से एक नहीं." मी म्हणलं, ताबिशभाई, भेटते काय? म्हणते, "भेटत काही नाई. नाव येते वर. मोठ्या अक्षरात." झालं ना! तिथंच पायरीवर माह्या डोक्यात दिवा लागला, गावात लाइट नव्हती तरी.

घरी येऊन मायले सांगितलं. माही माय आशाबाई, वय सत्तर, शाळेचं तोंड पाह्यलं नाई, पण उलटतपासणी घेते तर वकील घाबरन. म्हणते, "ब्लॉक म्हणजे पेपर का रे?" नाई. "पोथी?" नाई माय. "मंग छापते कुठी?" म्हणलं, कुठीच छापत नाई, कंप्यूटरमध्ये दिसते, पुण्यात दिसते, अमेरिकेत दिसते. "अमेरिकेतल्या लोकाईले आपल्या डोंग्याचं काय करा लागते?" 

बायको नीला, तिले सांगितलं तर तिनं पहिले चूल बारीक केली. मंग म्हणते, "म्हणजे आपण फिराले जाऊन राह्यलो?" म्हणलं, हो. "चौघं?" म्हणलं, चौघं, अन् फोटो काढायचा आहे एकत्र. तर ती उठली अन् पेटीतून लग्नातला शालू काढून उन्हात टाकला. अकरा वर्षांत मी तिले कुठी नेलं नव्हतं, हे मले तो शालू पाहून आठवलं. पोरगी दिव्यानी आठ वर्षांची, ती शाळेत सांगून आली का आमी अमेरिकेले जाऊन राह्यलो.

जायचं कुठी, तर माह्या लहान बहिणीकडं. वनमाला तिचं नाव, दिली नदीपल्याड, गडचिरोली जिल्ह्यात. इकडून घाटावर डोंग्यात बसलं का पाऊण तासात तिच्या अंगणात. अन् पुलावरून गेलं तर दोन जीपा बदला, जीप भरेपर्यंत तासभर उभे राहा, अन् माही माय जीपमध्ये बसली का पाचव्या मिनिटाले खिडकी मागते. डिझेलच्या वासानंच उलट्या होते तिले. म्हणून ती लेकीकडं जाते तर डोंग्यानंच जाते, दर महिन्याले. डोंगा म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं बोट येऊन राह्यली असन, खुर्च्या, छप्पर, भोंगा… तसं काही नाई. झाडाचं खोड कोरलेलं, सहा माणसं, एक बकरी, अन् बांबू. संक्रांत होती, मायले लेकीले तिळाचे लाडू पोचवायचे होते. मी म्हणलं, जमलं. मॅडमले ईमेल टाकली. पहिली ईमेल तिले नुसत्या चौकटी चौकटी दिसल्या, आमचा फॉन्ट पुण्यात चालत नाई. मंग फॉन्ट बदलून दुसरी टाकली. तिचा जवाब आला: आठशे शब्द, चार फोटो, "आणि त्यातला एक संपूर्ण कुटुंबाचा, एकाच होडीत. वाचकांना आपुलकी दिसली पाहिजे." मी लिहून टाकलं, "होय मॅडम, त्यात काय." त्यात काय! या दोन शब्दांनी माहा घात केला.

घाटावर पोचलो. धुकं असं का स्वतःचा हात स्वतःले ओळखू येत नव्हता. चैतूभाऊ डोंग्यापाशी बिडी ओढत उभा. त्या घाटावर त्याचा आजा डोंगा चालवे, मंग बाप, आता चैतू अन् त्याचा लहान भाऊ इसरू, असे दोन डोंगे. अन् चैतूची एक रीत आहे, तो माणसं मोजत नाई, घरं मोजते. "कोन्या घरचे?" म्हणलं, दोनाडकर. "किती हाये?" चार. "दोन माह्याकडं, दोन इसरूकडं."

एका घरची सगळी माणसं तो एका डोंग्यात बसवत नाई. त्याचा आजा बसवत नव्हता, बाप बसवत नव्हता, तो बसवत नाई. डोंगा उलटला तर घराले कुलूप लागू नये म्हणून. आता तुमी म्हणसान, धनराज, तू इथलाच, तुले माहीत नव्हतं का? माहीत होतं हो! जन्मापासून माहीत होतं. मी बापासंग बसू, वनमाला मायसंग बसे, पल्याड जाऊन भेटू. पण रोजच्या जेवणात मीठ आहे, हे कोणी लिहून ठेवते का? मॅडमले 'त्यात काय' लिहिलं तवा मले ते आठवलंच नाई. ते आठवलं घाटावर, पायाखालची रेती ओली लागली तवा.

मी चैतूले म्हणलं, भाऊ, एक बार. आजच्या दिवस. "नाई जमत." भाऊ, पाच मिनिटं, काठाकाठानं, फोटो काढतो अन् उतरतो. "काठाले पानी नसते का?" मी मायकडं पाह्यलं, म्हणलं ही तरी बाजू घेईन. ती म्हणते, "धानाचं बियाणं कोणी एकाच ढोलीत ठेवते का रे? एकीले उंदीर लागले तर दुसरीतलं पेरता येते." म्हणलं, माय, मी फोटोचं म्हणून राह्यलो, तू उंदरावर कुठी गेली! तर चैतू मान हालवते, "बाई बराबर बोलून राह्यली." मंग मले एक अक्कल सुचली. म्हणलं, चैतूभाऊ, सायकली न्यायच्या असल्या का तुमी दोन डोंगे एकमेकाले बांधता का नाई? "बांधतो." मंग बांधा! दोन या डोंग्यात, दोन त्या डोंग्यात, तुमची रीत राह्यली, अन् फोटोत चौघं एकत्र, माहं काम झालं. चैतूनं बिडी विझवली, विचार केला, मले वाटलं जिंकलो. म्हणते, "दोन बैल जुपले का भाऊ बंडी एकच होते. बांधले का डोंगा एकच." आता या माणसाले कोण्या कॉलेजनं डॉक्टर केलं नाई, पण सरच्या चारशे वीस पानांत असं एक वाक्य नव्हतं.

मंग कोण कोणासंग, तर तेही मायनंच ठरवलं. नवरा-बायको एका डोंग्यात नाई, हे तर पक्कंच. पोरगी तिच्या मायजवळ. म्हणजे नीला अन् दिव्यानी इसरूच्या डोंग्यात, मी अन् माय चैतूच्या. नीला शालू सावरून उभी, डोक्यात गजरा, पायात चिखल. माह्याकडं पाह्यलं अन् शांतपणे म्हणते, "अकरा वर्षांत कुठी नेलं नाई. नेलं, तर वेगळ्या डोंग्यात." अन् गेली बसाले.  माहा मुद्दा वेगळा होता का? मीही तेच म्हणून राह्यलो होतो ना घंटाभर! चार माणसं, एक डोंगा, एक फोटो!

ताबिशभाईचा डिजिटल कॅमेरा आणला होता, लग्नाच्या ऑर्डरीचा, त्यानं देताना तीन बार कसम घालून दिलेला. काठावरून नीला-दिव्यानीचा एक फोटो काढला, इसरूच्या डोंग्यात बसलेल्या. दिव्यानी हसली, नीला नाई. मंग चैतूच्या डोंग्यात बसलो, माह्यापुढं नानाजी बसला होता, पल्याडच्या बाजारात बकरी विकाले चाललेला, बकरी गुडघ्यात दाबून. त्याले म्हणलं, नानाजी, आमचा मायलेकाचा एक काढा. त्यानं कॅमेरा घेतला, पहिल्या फोटोत बकरीचा कान आला, दुसऱ्यात बकरी पूर्ण आली, तिसऱ्यात बकरी, मी अन् माय. म्हणलं, राहू द्या, लय झालं.

निघालो. मी ठरवून ठेवलं होतं का मध्यावर इसरूले म्हणीन डोंगा जवळ घे, दोन डोंगे बाजू बाजूनं आले का मी उभा राहून हात लांब करून फोटो घेतो. चौघं येते त्यात, अन् बांधलेले नाई म्हणजे चैतूचंही काही म्हणणं नाई. मध्यावर पोचलो, हाक मारली, इसरू जवळ आला, मी उभा राह्यलो… अन् डोंगा असा हालला का बकरी ओरडली, नानाजी ओरडला, चैतू म्हणते, "खाली बसा भाऊ, डोंगा हाये हा, बैलबंडी नोहे!" मी बसलो, म्हणजे पडलो, मायच्या लाडवाच्या डब्यावर. अन् मान वर केली तर धुक्याची एक लाट आली, अन् इसरूचा डोंगा नाई.

नाई म्हणजे नाई. नुसतं पांढरं.

मी हाक मारली, "नीला!" जवाब नाई. "दिव्यानी!" काही नाई. "इसरू!" तर चैतू म्हणते, त्याले कमी ऐकू येते. मी पुन्हा हाक मारली. पाण्याचा आवाज, बांबूचा आवाज, बाकी काही नाई. तुमाले खरं सांगतो, आतापर्यंत मी तुमाले हसवून राह्यलो, पण त्या दहा मिनिटांत मले मॅडम आठवली नाई, ब्लॉग आठवला नाई, माहं नाव मोठ्या अक्षरात येते का बारीक, काही आठवलं नाई. नीलानं सकाळी आरशापुढं दोन बार टिकली बदलली होती, ते आठवलं.  मायनं माह्या गुडघ्यावर हात ठेवला अन् म्हणते, "म्हणूनच वेगळं बसवते, बावा." आयुष्यात पहिल्यांदा मी मायवर ओरडलो. म्हणलं, म्हणूनच म्हणजे काय? त्या तिकडं गेल्या अन् मी इथी वाचलो, तर मी वाचून करू काय?  मायनं लाडवाचा डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. नानाजीनं बकरीचं तोंड दुसरीकडं वळवलं.

पल्याड पोचलो तर काय, इसरूचा डोंगा आमच्या पहिलेच लागलेला. नीला रेतीवर बसून, दिव्यानी पायानं खड्डा करून राह्यली. माह्या जिवात जीव आला, अन् जीव आल्याबरोबर राग आला, तो त्याच्या मागंच उभा असते. म्हणलं, नीला, माही हाक आली नाई का? "आली." दिव्यानी म्हणते, "बाबा, सहा बार आली." मंग जवाब काऊन नाई दिला? नीला म्हणते, "तुमी मले बोलावून राह्यले का फोटोले, ते समजत नव्हतं."

आता यावर फोटो काढाव का काठावरच्या रेतीत तोंड घालाव, तुमीच सांगा. तरी मी एक प्रयत्न केला, खोटं कशाले बोलू. डोंगा रेतीवर ओढला होता, पाणी वीस पावलं लांब, म्हणलं, माय, आता तर बुडायचं कामच नाई, चौघं बसू. माय म्हणते, "डोंगा तो डोंगा," अन् लेकीच्या घराकडं चालाले लागली.

घरी आलो अन् लिहाले बसलो. दुसऱ्याचं असलं तर मी मिनिटाले पंचेचाळीस शब्द टाइप करतो. स्वतःचं लिहाले बसलो तर मिनिटाले एक, अन् तोही खोडला. चार दिवस लागले, लाइट होती तेवढे घंटे. पण लिहिलं. खरं खरं लिहिलं. दोन डोंगे लिहिले, बियाण्याची ढोली लिहिली, धुकं लिहिलं, मारलेल्या हाका लिहिल्या, मायवर ओरडलो तेही लिहिलं. ताबिशभाईनं वाचलं, अन् पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. म्हणते, "भाई, ये तूने लिखा?" तो माहा पेढा होता, तुमाले सांगतो. फोटो जोडले, अर्ध्या कुटुंबाचा एक, अर्ध्याचा एक, अन् पाठवून दिलं.

अन् मंग तो फोन. "दोनाडकर, कुटुंब कुठंय?" समजावून सांगितलं. म्हणते, "हो, पण वाचकाला वाटेल तुमचं भांडण झालंय." म्हणलं, झालंच होतं मॅडम. "ते नको आपल्याला. आणि ते धुकं, त्या हाका… फार जड होतं हो. लोक ऑफिसात चहा पिताना वाचतात. बकरी मात्र गोड आहे, बकरी ठेवू." मी म्हणलं, मॅडम, पण फोटो एकत्र निघतच नाई, आमच्या घाटाची रीत आहे. म्हणते, "तुम्ही अजिबात काळजी करू नका. आम्ही बघतो." आता शहाण्या माणसानं हे ऐकून तिथंच पाय धराले पाहिजे होते. मी म्हणलं, थँक्यू मॅडम.

आठ दिवसांनी ताबिशभाई दुकानातून ओरडला, "आला बे!" मी गेलो, पाह्यलं. मथळा, अन् त्याच्याखाली, बरोबर मधोमध, जाड अक्षरात: धनराज दोनाडकर. माह्या डोळ्यात पाणी आलं, लाजत नाई सांगाले. मी पुढचं काही पाह्यलंच नाई. कलर प्रिंट काढली, एका मोठ्या कागदावर, अन् लगेच लॅमिनेशन केलं. तुमाले एक सल्ला देतो, फुकट देतो: माणसानं लॅमिनेशनच्या पहिले वाचाव.

कारण मंग वाचलं. "कोवळ्या उन्हात आम्ही चौघं एकाच होडीत खेटून बसलो होतो. आईच्या चेहऱ्यावर समाधान होतं…" कोणाच्या आईच्या? ऊन कुठी होतं? अन् वर फोटो. डोंगा एक. त्यात डावीकडं मी अन् माय, उजवीकडं नीला अन् दिव्यानी, अन् दिव्यानीच्या मांडीवर नानाजीची बकरी. कंप्यूटरवर दोन फोटो जोडून दिले होते पठ्ठ्यांनी! जोड शोधून सापडत नव्हता, इतकं सफाईचं काम. चार माणसं, एक डोंगा, एक फोटो. घ्या!

घरी नेलं. नीलानं लय वेळ पाह्यलं. म्हणते, "भिंतीवर लावू. लग्नानंतर आपला एकत्र फोटोच नाई." मी म्हणलं, हा खोटा आहे नीला. म्हणते, "असू द्या. शालू तर खरा आहे." अन् मायनं घेतला. तिले वाचता येत नाई, पण बोट ठेवता येते. "ही मी. हा तू. ही नीला. ही पोरगी." मंग बोट डोंग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. "डोंगा एकच?" म्हणलं, माय, ते पुण्यात जोडलं. म्हणते, "पुण्याच्या लोकाईचं मी काय वाईट केलं होतं रे?"

एवढ्यावर भागलं असतं, पण नानाजी. नानाजीची बकरी त्या दिवशी बाजारात विकली गेली होती, अन् त्याले तिची आठवण येऊन राह्यली होती, तो ती पाहाले कॅफेत आला, ताबिशभाईनं दाखवली, अन् त्यानं सगळ्या घाटाले सांगितलं का दोनाडकराचं घर एका डोंग्यात बसलेलं मी या डोळ्यांनी पाह्यलं. अबे, तू तिथंच होता ना! तुह्या गुडघ्यात बकरी होती! तर म्हणते, "मले वाटलं येताना बसले असान."

पुढच्या महिन्यात माय लेकीकडं जाले निघाली, मी घाटावर सोडाले गेलो, तर चैतू डोंग्यात घेईना. म्हणते, "आशाबाई, रागाऊ नोका. माह्या आज्यापासून या घाटावर कोन्या घराले कुलूप लागलं नाई. आता लोकं म्हणून राह्यले, चैतूनं फोटोसाठी अख्खं घर भरलं. तुमच्या घरचं कोणी असलं का माह्या डोंग्यात बसाले भेतेत लोकं." मी म्हणलं, चैतूभाऊ, ते खोटं आहे, तुमाले तर माहीत आहे! "खोटं हाये?" म्हणलं, शंभर टक्के खोटं. "मंग त्याच्यावर नाव कोनाचं हाये?"

…माहं.

"मंग?"

 पंधरा वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो, ते नाव त्या माणसानं माह्याच पुढ्यात धरलं. दुसऱ्याचं खरं लिहिलं तर नाव नाई, माहं खरं लिहिलं ते मॅडमनं काढलं, अन् जे मी लिहिलंच नाई त्याच्यावर जाड अक्षरात मी.  माय रेतीवर बसून पल्याडच्या काठाकडं पाहत राह्यली. वनमालाचे दिवस भरत आले होते, मायले जाणं भाग होतं, अन् जीपचा नुसता वास आठवून ती पदर तोंडाले लावून राह्यली होती.

मंग मायच उठली. म्हणते, "धनराज, घरी जा अन् तो कागद आण." आणला. संग आणलेल्या कात्रीनं लॅमिनेशन कापल्या जात नव्हतं, तर नानाजी गवत कापाले आला होता, त्याचा विळा घेतला. कागद डोंग्याच्या काठावर ठेवला, अन् सत्तर वर्षांच्या बाईनं, वावरातलं धान कापाव तसा, वरून खालपर्यंत एका ओढीत बरोबर मधोमध कापला. मी अन् माय या तुकड्यात, नीला अन् दिव्यानी त्या तुकड्यात. घाटावरची सगळी माणसं उभी. माय म्हणते, "एक तुकडा आमच्या घरी राहीन, दुसरा लेकीच्या घरी, पल्याड. आता पाहा बाप्पा चैतू, एका डोंग्यात आहे का आमी?" चैतूनं दोन्ही तुकडे हातात घेऊन पाह्यले, बाकीच्याईले दाखवले, अन् म्हणते, "बसा बाई."

मी हळूच म्हणलं, माय, पण तिकडं कंप्यूटरमध्ये तर आपण अजून एकत्रच आहो. म्हणते, "राहू दे. कंप्यूटर काही पाण्यात जात नाई."

नीला म्हणते, "माह्या सासूनं मले पल्याड दिलं." तिकडं वनमालाले पोरगी झाली, माय-लेक दोघी बऱ्या आहे, अन् आमचे जावई लहानूभाऊ रोज फोन करून विचारते का साळ्याची बायको माह्या भिंतीवर किती दिवस राहणार आहे. ते सगळं ठीक आहे हो, ते होत राहते घरात. माहं दुःख वेगळंच आहे. कागद मधोमध कापला, अन् नावही मधोमधच होतं ना. 'धनराज' इथी ब्रह्मपुरीले माह्या भिंतीवर आहे, अन् 'दोनाडकर' नदीपल्याड, गडचिरोली जिल्ह्यात. पंधरा वर्षांनी एकदाचं नाव आलं, अन् आता कोणाले ते पूर्ण वाचाचं असन, तर त्याले डोंग्यात बसा लागते.